खाचेतल्या माणसांचं प्रकरण

दिगू,

गेल्या पंधरवड्यात तुझी शोकसभा झाली. चांगली झाली, म्हणजे उशिरा सुरू झाली आणि त्याहून उशिरा संपली. रावबहादूर मुद्दाम मुंबईहून आले होते. स्वराज्य येऊन इतकी वर्षं झाली, पदव्या मोडीत निघाल्या, पण आपल्या डोंबिवलीच्या वाचनालयात ते अजून रावबहादूरच आहेत आणि त्यांनाही त्यात काही गैर वाटत नाही. तुझ्याविषयी ते पाच मिनिटं बोलले आणि मुंबईच्या उज्ज्वल परंपरेविषयी पाऊण तास. शेवटी म्हणाले, "त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून येणार नाही." मी चटकन डावीकडे पाहिलं. ज्या शहराने दोन बेटांमधली एक पोकळी रिकामी सोडली नाही, तिथून येऊन हा गृहस्थ पोकळी भरून येत नाही असं सांगतोय, म्हणून तू नक्की माझ्या मांडीवर चापट मारली असतीस. तुझ्या खुर्चीवर कुणीतरी आपली टोपी काढून ठेवली होती.

सभेत तुला 'थोर नगरेतिहासकार' म्हणाले. तू सरकारी ड्रॉइंग ऑफिसातला ट्रेसर होतास. दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड पसरून त्यांच्या रेघा गिरवायच्या, हे तुझं काम. थोर वगैरे तू नव्हतास. पण रेघ गिरवताना ती तिथेच का, असा प्रश्न पडणारा त्या ऑफिसात तू एकटाच असावास. बहुधा त्यामुळेच तुला बढती मिळाली नाही.

रविवार आता मोठा झाला आहे. सकाळी नऊच्या सुमारास अजूनही दारात चपला काढल्याचा आवाज येईल असं वाटतं. तू आत येण्याआधीच बोलायला सुरुवात करायचास. "मास्तर, तुझ्या त्या पुस्तकात साफ चूक आहे." पुस्तक कुठलं, चूक कुठली, हे तू पिशवी खुंटीला अडकवल्यावर कळायचं. आमची ही म्हणाली, "परवा मी दोन कप जास्त टाकले." ते दोन्ही कप मीच प्यालो.

या लेखात तुझी जन्मतारीख वगैरे येणार नाही. ती सभेत वाचून झाली. मला तुझ्याशी एका प्रकरणाविषयी बोलायचं आहे. तू लिहीत होतास त्या मुंबईच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण, जे आता पुस्तकात नाही.

त्याची सुरुवात तुझ्या उलट्या नकाशापासून झाली. वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत तुझं भाषण होतं, विषय मुंबईची सात बेटं. तू ऑफिसातली जुनी, नावं नसलेली ट्रेसिंग एका दिवसापुरती घरी आणलीस आणि तिच्यावरून आरपार दिसणाऱ्या कापडावर भला मोठा नकाशा काढलास. ती ट्रेसिंग पालथी पडली आहे हे तुझ्या लक्षात आलं नाही. वीस वर्षं नकाशे गिरवणाऱ्या माणसाने मुंबई पालथी गिरवली आणि वर वळणदार अक्षरांत सगळी नावं घातली. मलबार टेकडी पूर्वेला गेली, गोदी पश्चिमेला आली. अध्यक्ष रावबहादूर. त्यांनी छडी घेऊन एकेका बेटावर टेकवली आणि "हीच ती भूमी" असं चार वेळा म्हणाले. मी पहिल्या रांगेत होतो. कल्याणच्या हायस्कुलात इतिहास शिकवणारा मी. मला काही दिसलं नाही. नावं बरोबर होती ना!

मागच्या भिंतीला टेकून खाडीकाठच्या कोपर गावचा गोमा भोईर बसला होता. वाचनालयाच्या नव्या खोलीसाठी त्याने होडीतून रेती आणली होती आणि माप होईपर्यंत सावलीत थांबला होता.

"ओ मास्तर," तो तिथूनच म्हणाला, "ही मुंबई पालथी घातलीय कोनी?"

"कोण आहे ते?" रावबहादूर.

"मी हाय, गोमा. धक्का उगवतीला हाय, तुमी मावलतीला टाकलाव. या नकाशावर होरी घातली तं खरकावर फुटंल."

चिटणीस धावले. "बाबा, खाली बसा. सरकारी नकाशावरून काढलंय ते."

"मंग सरकारची होरी फुटंल."

लोक हसले. तू हसला नाहीस. नकाशाला नाक लावून उभा राहिलास, मग टाचण्या काढल्यास आणि कापड उलटं करून पुन्हा लावलंस. बेटं सरळ झाली, पण त्यावरची सगळी नावं उलटी. तू म्हणालास, "नावं राहू द्या. बेटं जागेवर आली." आणि त्या उलट्या अक्षरांच्या नकाशावरच उरलेलं भाषण केलंस. रावबहादुरांनी छडी ठेवून चहा मागवला.

दुसऱ्या रविवारी तू माझ्याकडे आला नाहीस. कोपरच्या खाडीवर गोमाबाबांकडे गेलास. त्यानंतर तुझ्या पुस्तकाचं तोंडच फिरलं.

तुझं म्हणणं साधं होतं. मुंबईचा इतिहास लिहिणारे सगळे मुंबईत बसून लिहितात, म्हणून त्यांना वाटतं की शहर समुद्रातून वर आलं. ते आलं आमच्या बाजूने. दगड इकडचा, रेती खाडीतली, विटा कल्याणच्या भट्ट्यांतल्या, चुना शिंपल्यांचा, मीठ आगरांतलं, ट्रामच्या घोड्यांना गवत इकडचं, प्यायचं पाणी ठाणे जिल्ह्यातल्या तलावांचं. "अख्खी राजधानी होडीत घालून नेलेली आहे, मास्तर," तू म्हणायचास. मी म्हणायचो, "मग ठाण्याच्या खाडीवर पितळी पाटी लावू. 'येथून मुंबई नेण्यात आली.'" तू म्हणायचास, "पाटी नको. उद्घाटनाला रावबहादूर येतील."

सात बेटांवरून तर आपण किती भांडलो. मी पुस्तकातली सात नावं ओळीने म्हणून दाखवली की तू विचारायचास, "ओहोटीला मोजलीस की भरतीला?"

"त्याने काय फरक पडतो?"

"ओहोटीला परळहून माहीमला लोक चिखलातून चालत जायचे. भरतीला आणखी दोन-तीन बेटं व्हायची. साहेब होडीतून आला तेव्हा पाणी जेवढं होतं तेवढी त्याने मोजली. आपण अजून तीच मोजतोय."

मी म्हणालो, की तू फार वाहवत चालला आहेस. तू म्हणालास, "खाडीकाठी राहतो, वाहवणारच."

त्या दिवसांत चौकाचौकात मुंबई कुणाची यावर सभा होत होत्या. द्विभाषिक राज्य, त्याची राजधानी, कुणाचा हक्क. आपण दोघंही त्या सभांना गेलो आणि घोषणाही दिल्या. परत येताना तू म्हणालास, "कुणाची ते सगळे विचारतात. कशाची ते कुणी विचारत नाही." त्याच सुमाराला मुंबईची हद्द सरकत सरकत मुलुंडपर्यंत आली. कालपर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेली गावं मुंबईत गेली. ती नवी हद्द तुझ्याच टेबलावर आली होती. तू ती गिरवलीस, कारण ती नोकरी होती. संध्याकाळी मला म्हणालास, "आज मुंबई चार बोटं पुढे आणली. माझ्याच हाताने." मला वाटलं तू विनोद करतोयस. तुझा चेहरा मी पाहिला नाही. आता वाटतं, पाहायला हवा होता.

मग कोपरचं लग्न. गोमाबाबांच्या पुतण्याचं. तू मला ओढत घेऊन गेलास. मांडवात हळदीच्या वेळी गोमाबाबांची थोरली बहीण आंबूबाय धवला म्हणायला बसली. धवला म्हणजे त्यांच्या लग्नात बायका म्हणतात ती लांबलचक गाणी. म्हणणारी ती धवलारीण, आणि तिच्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. आधी देवांना आवतन. डोंगरावरच्या आईला, गावदेवीला, खाडीच्या देवाला. मग घरातल्या गेलेल्या माणसांना. प्रत्येकाचं नाव, आणि प्रत्येकाने कुठल्या वाटेने मांडवात यायचं तेही. आणि मग एकदम आवाज खाली आणून तिने खाचेतल्या बाबांना बोलावलं. नऊ नावं. भरतीच्या पाण्यावर या, दगड तिथेच टाका, हात मोकळे करून या, असा काहीसा अर्थ होता.

तू माझा दंड घट्ट धरला होतास.

नंतर गोमाबाबांनी सांगितलं. वरळीकडची जी मोठी खाच इंग्रजांनी बांध घालून बुजवली, जिथून भरतीचं पाणी सगळ्या बेटांत शिरायचं, तिथे यांच्या वाडवडिलांच्या होड्या दगड घेऊन गेल्या होत्या. बांध दोनदा वाहून गेला आणि त्याबरोबर त्यांच्यातले नऊ जण. त्या बांधाची गोष्ट सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. देवी स्वप्नात आली, समुद्रातून मूर्ती वर काढली, मग बांध उभा राहिला. त्या गोष्टीत देवी आहे, इंजिनियर आहे, गव्हर्नर आहे. होडीवाले नाहीत. ते बांधाखाली आहेत आणि पावणेदोनशे वर्षं दर लग्नात जेवायला येतात.

तू महिनाभर राबून सातवं प्रकरण लिहिलंस. नऊ नावं वहीत उतरवून घेतलीस, प्रत्येकाची वाट, प्रत्येकाची होडी. आणि रविवारी सकाळी माझ्यापुढे ठेवलंस. मी ते वाचलं आणि विचारलं, "याला पुरावा काय?"

"तू ऐकलंस ना?"

"लग्नातलं गाणं हा पुरावा होत नाही, दिगू. एक कागद दाखव. आणि त्या वेळी कल्याणचा मुलूख कुणाकडे होता ते आठव. इंग्रज-मराठ्यांची लढाई चालू असताना इथून कोण त्यांना दगड नेऊन देईल?"

"लढाई पुण्यात आणि मुंबईत चालू होती, मास्तर. खाडीत भरती-ओहोटी चालू होती."

"वाक्य छान आहे. पण ते पुराव्याच्या जागी घालू नकोस."

तू पानं सारखी करून घेतलीस. मग म्हणालास, "बाकीच्या प्रकरणांना हे बाधेल?"

"बाधेल. लोक म्हणतील, एवढं गाण्यावरून लिहिलंय तर उरलेलं कशावरून?"

"बरं," तू म्हणालास. चहा न पिता गेलास. नंतरच्या रविवारी आलास तेव्हा आपण दोघंही त्याविषयी बोललो नाही आणि पुढेही कधी बोललो नाही.

तुला एक सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. त्या मांडवात नऊ नावं ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. मला त्या क्षणी खात्री होती की हे खरं आहे. आणि घरी येईपर्यंत त्या खात्रीची भीती वाटायला लागली. बावीस वर्षं मी मुलांना बांध कुणी बांधला याचं उत्तर एका ओळीत लिहायला शिकवलं आहे. चुकलेल्यांचे गुण कापले आहेत. आंबूबायचं खरं धरलं तर त्या ओळीचं काय करायचं? म्हणून मी पुरावा मागितला. पुरावा मागणं चूक नव्हतं. पण मी तो ज्यासाठी मागितला ते कारण चूक होतं. हे तुला सांगायला मला दोन वर्षं मिळाली होती.

तू गेल्यावर बाराव्या दिवशी इंदूवहिनींनी पुस्तकाचं बाड माझ्या हातात दिलं. सहाव्या प्रकरणानंतर आठवं. मी विचारलं, "वहिनी, मधली पानं? आणि ती कोपरची वही?"

"ती त्यांनी बंबात घातली."

"बंबात?"

"तुमच्याकडून आले त्याच दिवशी. मी म्हटलं, शेणी आहेत की पेटवायला. तर म्हणाले, हे लवकर पेटतं." वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. "भावजी, तुमच्यावर राग नव्हता हो त्यांचा. म्हणाले, मास्तरला खोटं बोलता येत नाही."

राग असता तर बरं झालं असतं, दिगू.

इकडे वाचनालयाला पुस्तक छापायची घाई झाली आहे. रावबहादुरांची प्रस्तावना आलीसुद्धा. त्यांनी ती पुस्तक न वाचता लिहिली आहे, त्यामुळे तिच्यात बदल करायची गरज पडणार नाही. मी चिटणीसांना म्हणालो की सातवं प्रकरण नाही, जरा थांबा. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? आठव्याला सातवं म्हणू." मी नाही म्हणालो. वैशाखापर्यंत बाड माझ्याकडून हलणार नाही असं सांगितलं. त्यांनी माझं नाव कार्यकारिणीतून कमी केलं आहे, म्हणजे माझा तेवढा वेळ वाचला.

वैशाख का, ते सांगतो. गेल्या रविवारी मी कोपरला गेलो. एकटाच. गोमाबाबा होडी पालथी घालून तिच्या फटी बुजवत होते. मी तुझं सांगितलं तसा हातातला कापूस तसाच राहिला. "नकाशेवाले गेले?" ते म्हणाले. "मना कोनी सांगलाच नाय." तुझ्या सभेचं आमंत्रण छापील होतं, दिगू. गुळगुळीत कागदावर. ते कोपरला पाठवायचं माझ्याही मनात आलं नव्हतं.

आंबूबाय ओटीवर उन्हाला बसली होती. फार थकली आहे. मी वही उघडून म्हणालो, "बाय, खाचेतल्या बाबांची नावं पुन्हा सांगता? मला दोनच आठवतात, पदू आणि काथोड."

"कोनाचा लगीन हाय?"

"लग्न नाही. नुसती नावं लिहून घेतो."

"नुसती कशी सांगू? नाव घेतला का तो निंगतो." तिने हाताने खाडीकडे दाखवलं. "हिया येल. मांडव नाय, हलद नाय, जेवान नाय. त्याला काय सांगू, मास्तरला लिवाचा हुता म्हनून बोलावला?"

मी वही मिटली. पुरावा मागणाऱ्याला इतकं सरळ उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. मग मी खरं ते सांगितलं. आधीची वही होती, ती माझ्यामुळे जळली.

गोमाबाबा म्हणाले, "वही जलली तं जलली. बाय हाय ना."

"बाय किती दिस हाय?" आंबूबाय खोकत म्हणाली. "पोरींना कोनाला येत नाय. त्यांना लाउडस्पीकर पायजे." मग मला म्हणाली, "वैशाखान नातीचा लगीन हाय. तवा ये. ऐक आनि लिव."

आत्ता पौष चालू आहे. मधे माघ, फाल्गुन, चैत्र. तिचा खोकला मी ऐकला आहे. तू असतास तर मी म्हणालो असतो की असल्या भरवशावर पुस्तक थांबवू नये. आता मीच थांबवून बसलो आहे.

निघताना तिने हाक मारली. "नकाशेवाल्यांचा पुरा नाव काय? बापाचा नाव? गाव?" मी सांगितलं. "त्यांनाबी आवतन घालीन. आमचे बाबा कवाशी खाचेन परलेत, कोनी इचारला नाय. ते एकले आलते इचाराला."

"पण बाय, तो बुडाला नव्हता."

"मेला ना? मंग. खारीच्या वाटेनंच येल त्यांच्यासंगती."

"नको," मी इतक्या घाईने म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. "त्याला होडी लागते. पलीकडच्या काठावर जाईपर्यंत तोंड पांढरं पडायचं."

गोमाबाबा मोठ्याने हसले. "हा, हा! माझ्या होरीन वकला हुता."

"मंग कंच्या वाटेनं?" आंबूबाय हसली नाही. तिच्या दृष्टीने हा कामाचा प्रश्न होता.

मी विचार करून सांगितलं, "त्याच्या नेहमीच्या. रुळाच्या कडेने. पायी. मग शेतातून."

तिने डोळे मिटले. ओठ हलले, आवाज नाही. तुझं नाव तिच्या चालीत कुठे बसतं ते बघत असावी. मग मान हलवली. बसलं.

तर दिगू, वैशाखात लग्न आहे. यावर माझा विश्वास आहे का, असं विचारू नकोस, आपण दोघंही अडचणीत येऊ. मी मांडवात आंबूबायच्या जवळ बसेन. नऊ नावं नीट लिहून घेईन, वाटांसकट, आणि सातव्या प्रकरणाखाली घालीन की हे एका लग्नात ऐकलं, दुसरा पुरावा नाही. त्यानंतर दहावं नाव येईल. ते लिहिताना हात चालेल की नाही, हे मला आज सांगता येत नाही.